सरासरीत न दिसणारा ग्राहक

2013 साली फेसबुकचे काही अभियंते आणि प्रॉडक्ट मॅनेजर आफ्रिकेत गेले. तिथे त्यांनी काही अँड्रॉइड फोन विकत घेतले आणि त्यांवर आपलेच ॲप चालवून पाहिले. ॲप उघडायला फार वेळ लागत होता, उघडले तरी मध्येच बंद पडत होते, आणि महिन्याभरासाठी घेतलेला डेटा 40 मिनिटांत संपला. कॅलिफोर्नियातल्या कार्यालयात तेच ॲप व्यवस्थित चालत होते. तिथले फोन महागडे आणि नवे, वाय-फाय भरधाव. ज्यांनी ॲप बनवले त्यांना त्याचा त्रास कधी भोगावाच लागला नव्हता.

या दौऱ्याबद्दल कंपनीने पुढच्या वर्षी मोकळेपणाने लिहिले, आणि उपाय काय केले तेही सांगितले. ॲप उघडताना सगळी वैशिष्ट्ये एकदम तयार करण्याचा खटाटोप थांबवला. जे पहिल्या पडद्याला लागत नाही ते नंतरवर ढकलले. छायाचित्रांसाठी वेबपी हा कमी जागा घेणारा प्रकार वापरला. ज्याचा जेवढा पडदा, तेवढ्याच आकाराचे चित्र पाठवायला सुरुवात केली. ॲप सुरू होण्याचा वेळ आणि डेटाचा वापर जवळपास निम्म्यावर आला, ॲपचा आकार 65 टक्क्यांनी घटला. यात नवा शोध म्हणावा असे काहीच नव्हते. हे सगळे ज्ञान कंपनीत आधीपासून होते. नव्हती ती गरज, कारण गरज कोणाला दिसतच नव्हती.

मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांच्या ॲपची गती आणि भरवसा याबद्दल जे काही बोलले जाते ते बहुतेक वेळा तंत्राच्या अंगाने: कोणती भाषा, कोणते फ्रेमवर्क, कोणता क्लाउड. हे प्रश्न खरे आहेत, पण दुय्यम आहेत. पहिला प्रश्न आहे तो ॲप कोणाच्या फोनवर मोजायचे हा. त्याचे उत्तर अभियंत्याच्या टेबलावर ठरत नाही; कंपनी कोणाला आपला ग्राहक मानते, यावरून ते ठरते. म्हणून हळू ॲपला तांत्रिक उणीव म्हणून सोडून देता येत नाही. कोणीतरी, कधीतरी, कोणाची तरी गैरसोय चालवून घ्यायची असे ठरवलेले असते.

फेसबुकने 2014 मध्ये एक छोटी प्रणाली सर्वांसाठी खुली केली. फोनची मेमरी आणि प्रोसेसर पाहून तो फोन कोणत्या सालचा उत्तम फोन ठरला असता, हे ती सांगते. आज दुकानातून घेतलेला कोरा करकरीत स्वस्त फोन तिच्या हिशेबात तीन-चार वर्षे जुना निघू शकतो. अशा फोनवर जड ॲनिमेशन बंद ठेवायचे, चित्रे लहान पाठवायची, असे निर्णय मग ॲपला स्वतः घेता येतात. ऑक्टोबर 2015 मध्ये त्याच कंपनीने ‘टू-जी मंगळवार’ सुरू केला: दर मंगळवारी कर्मचाऱ्याला विचारले जाई की, तासभर हळू इंटरनेटवर आपले ॲप वापरून पाहणार का? हा उपक्रम ऐच्छिक होता आणि तासाभराचाच होता. तरीही ज्याला दिवसभर तेच नेट मिळते त्याची अडचण निदान ओळखीची होण्याची ही सोय होती, आणि ती इतर कंपन्यांनी उचलायला हवी होती.

मोजणी कशी फसवते याचे सर्वांत बोलके उदाहरण यूट्यूबचे आहे. ते ॲपचे नाही, वेबपानाचे आहे. पण ॲप बनवणाऱ्या प्रत्येकाने ते लक्षात ठेवावे असे आहे. 2009च्या सुमारास व्हिडिओ दाखवणाऱ्या पानाचे वजन 1.2 मेगाबाइटपर्यंत पोचले होते. ख्रिस झकारायस या अभियंत्याने ते खरवडून काढायचे ठरवले. अनावश्यक ते सगळे उडवत त्याने 98 किलोबाइटचे पान तयार केले आणि काही प्रेक्षकांना दिले. आठवडाभराने आकडे पाहिले तर पान उघडण्याचा सरासरी वेळ चक्क वाढला होता. पान दहापटीने हलके आणि तरी जास्त हळू! तो काम सोडून देण्याच्या बेतात होता. मग कोणता आकडा कुठून आला हे नकाशावर पाहिल्यावर उलगडा झाला. आग्नेय आशिया, दक्षिण अमेरिका, आफ्रिका, सायबेरिया अशा भागांतून प्रेक्षक एकाएकी वाढले होते. तिथे जुने पान उघडायला 20 मिनिटांहून जास्त लागत. म्हणजे व्यवहारात ते उघडतच नसे. हलके पान दोन मिनिटांत उघडत होते. ही दोन मिनिटे सरासरीत मिसळली आणि सरासरी बिघडली.

या घटनेचा अर्थ नीट पाहावा. जो माणूस ॲप वापरूच शकत नाही, तो ॲपच्या आकडेवारीत नसतो. त्याची तक्रार येत नाही, त्याचा क्रॅश नोंदला जात नाही, त्याचे एका ताऱ्याचे मानांकनही मिळत नाही. बैठकीत पडद्यावर दाखवला जाणारा आलेख उरलेल्यांचा असतो, म्हणजे ज्यांचे आधीच बरे चालले आहे त्यांचा. असा आलेख दरवर्षी सुधारत जाऊ शकतो आणि त्याच काळात ॲप देशातल्या निम्म्या फोनसाठी निरुपयोगी होत जाऊ शकते. हे कोणी मुद्दाम करत नाही, आणि म्हणूनच ते वर्षानुवर्षे चालू राहते.

सरासरीऐवजी शेपटाकडे पाहावे, म्हणजे शंभरातल्या सर्वांत वाईट अनुभवाकडे, हे मोठ्या कंपन्यांना कळत नाही असे नाही. गूगलचे जेफ डीन आणि लुइझ आंद्रे बारोसो यांनी 2013 मध्ये साधे गणित मांडले होते. एखादा सर्व्हर शंभरातून एकदाच हळू उत्तर देत असेल, तर ते प्रमाण क्षुल्लक वाटते. पण एका पडद्यासाठी अशा 100 सर्व्हरांची उत्तरे लागत असतील, तर 63 टक्के वेळा त्यांपैकी एखादा तरी हळू निघणार, आणि वापरणाऱ्याला तेवढाच हळूपणा जाणवणार. ॲपचा एक पडदा आज असाच तुकड्यातुकड्यांनी भरतो: नाव इथून, शिल्लक तिथून, जाहिरात तिसरीकडून. म्हणून ‘आमची प्रत्येक सेवा 99 टक्के वेळा जलद आहे’ असे सांगणाऱ्या कंपनीचे ॲप बहुतेक वेळा हळूच वाटू शकते, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

ॲप जड का होते, याचे कारणही यंत्रापेक्षा माणसांच्या मांडणीत जास्त सापडते. मोठ्या कंपनीत एका ॲपवर शेकडो माणसे काम करतात. प्रत्येक गटाला आपले वैशिष्ट्य त्यात हवे असते. त्याची बढती त्यावर ठरते. प्रत्येक वैशिष्ट्याने उघडण्याच्या वेळात पाव सेकंदाचीही भर पडत नाही, त्यामुळे नाही म्हणायला कोणाकडे कारण नसते. वीस गटांचे मिळून जे होते त्याला कोणताच गट जबाबदार नसतो. 2013च्या सुरुवातीलाच फेसबुकचे अँड्रॉइड ॲप इतके वाढले होते की, जुन्या अँड्रॉइडने मेथडची, म्हणजे कोडमधल्या छोट्या कार्यांची, माहिती ठेवायला राखलेली जागाच अपुरी पडली. कंपनीने तेव्हा ॲप कमी केले नाही; चालत्या ॲपच्या आतून अँड्रॉइडच्या अंतर्गत रचनेतच फेरफार करण्याची युक्ती शोधली. कौशल्य म्हणून ते थक्क करणारे होते. निर्णय म्हणून ते चुकीच्या दिशेचे होते.

योग्य दिशेचे पाऊल त्याच कंपनीने सात वर्षांनी टाकले. मेसेंजरचे आयफोन ॲप एके काळी 130 मेगाबाइटच्या पुढे गेले होते. ते पुन्हा पहिल्यापासून लिहायचे ठरले आणि मार्च 2020 मध्ये नवे ॲप जाहीर झाले. मूळ गाभ्याच्या 17 लाख ओळींच्या जागी 3 लाख 60 हजार ओळी उरल्या. ॲप एक चतुर्थांश आकाराचे झाले आणि दुप्पट वेगाने उघडू लागले. जे काम आयफोनची प्रणाली स्वतःच करते ते तिच्याकडे सोपवले. एकाच पडद्याच्या डझनभर आवृत्त्या होत्या, त्या एकीवर आणल्या. काही वैशिष्ट्ये काही काळासाठी काढून टाकावी लागली, आणि तेही कंपनीने जाहीरपणे सांगितले. सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढची होती: प्रत्येक वैशिष्ट्याला आकाराचे अंदाजपत्रक ठरवून दिले. तेवढ्यातच काम भागवायचे. असे बंधन नसेल तर पुन्हा लिहिलेले ॲप काही वर्षांत जुन्याइतकेच फुगते.

आकाराचा थेट संबंध ग्राहकसंख्येशी आहे, हे गूगलने 2017 मध्ये प्ले स्टोअरच्या आकडेवारीवरून सांगितले होते: ॲपचा आकार 6 मेगाबाइटने वाढला की ते उतरवून घेण्याचे प्रमाण साधारण एक टक्क्याने घटते. उबरने 2018 मध्ये भारतात ‘उबर लाइट’ आणले ते 5 मेगाबाइटच्या आत बसवून. फेसबुक लाइट 2015 मध्ये आले तेव्हा एक मेगाबाइटहूनही लहान होते आणि वर्षाच्या आत त्याने महिन्याला 10 कोटी वापरकर्ते गाठले.

लाइट ॲपचे कौतुक करताना मात्र हात थोडा आखडता घ्यावा लागतो. वेगळे लाइट ॲप म्हणजे गरीब फोनसाठी बाजूचा दरवाजा. मुख्य ॲपला मिळणारे लक्ष त्याला मिळत नाही, आणि कंपनीचे धोरण बदलले की तो दरवाजा बंद होतो. यूट्यूब गो 2022 मध्ये बंद झाले. तेव्हा कंपनीने दिलेले कारण होते की, मुख्य ॲपच आता साध्या फोनवर चांगले चालते. ते कारण खरे असेल तिथे त्याहून चांगला मार्ग नाही. मुख्य ॲपच सगळ्यांसाठी हलके असावे, ही मागणी अवाजवी नाही. मेसेंजरने ती पुरी करता येते हे दाखवले आहे.

गतीच्या मानाने भरवशाचा प्रश्न अधिक कठीण आहे. सर्व्हरवरची चूक तासाभरात मागे घेता येते. फोनवर पोचलेली चूक मागे घेता येत नाही. माणूस पुढचे अपडेट घेईपर्यंत ती त्याच्या खिशात राहते. म्हणून प्ले स्टोअर आणि ॲपल दोघांनीही नवी आवृत्ती टप्प्याटप्प्याने सोडण्याची सोय दिली आहे. ॲपलच्या सात दिवसांच्या क्रमात पहिल्या दिवशी आपोआप अपडेट घेणाऱ्यांपैकी फक्त एक टक्का लोकांना ती मिळते. काही बिघडले तर उरलेले 99 टक्के वाचतात. याच्या जोडीला कंपन्या ॲपमध्ये दूरवरून चालू-बंद करता येणारी बटणे ठेवतात, म्हणजे एखादे वैशिष्ट्य नवे अपडेट न देताही बंद करता येते.

पण ही सुरक्षेची बटणेच घात करू शकतात. 6 मे 2020 रोजी स्पॉटिफाय, पिंटरेस्ट, टिकटॉक असे अनेक आयफोन ॲप उघडताक्षणी बंद पडू लागले. त्यांच्यापैकी कोणीही आपल्या ॲपला हात लावला नव्हता. या सर्वांच्या पोटात फेसबुकने पुरवलेला एक कोड होता, आणि ॲप सुरू होताना तो फेसबुकच्या सर्व्हरकडून सूचना घेत असे. त्या दिवशी सर्व्हरने अपेक्षित होती त्यापेक्षा वेगळ्या प्रकारची माहिती पाठवली. कोडला ती समजली नाही आणि त्याने अख्खे ॲप खाली ओढले. ज्यांनी फेसबुकने कधी लॉगिन केले नव्हते त्यांचेही ॲप बंद पडले. दोनच महिन्यांनी, 10 जुलैला, असाच प्रकार पुन्हा घडला. 22 मार्च 2021 रोजी अँड्रॉइडवर जीमेलसह असंख्य ॲप बंद पडले, तेव्हा दोष अँड्रॉइडच्या वेबव्ह्यू या घटकात होता. नवे प्रयोग दूरवरून फोनवर पाठवणाऱ्या यंत्रणेत बिघाड झाल्याचे गूगलने सांगितले. कोडची आवृत्ती टप्प्याटप्प्याने सोडणारी कंपनी सूचनांची एक ओळ मात्र एका क्षणात कोट्यवधी फोनवर सोडते. ही सवय मोडायला हवी. फोनचे वर्तन बदलणारी प्रत्येक गोष्ट आधी एक टक्का लोकांवरच जावी.

भरवसा वाढवण्याची घाई भरवशाच्या मुळावर कशी येते, हे भारताने 12 एप्रिल 2025 रोजी पाहिले. त्या दिवशी देशभर यूपीआय ठप्प झाले. मुंबईत मुख्यालय असलेल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने कारण शोधले ते असे: काही बँकांच्या यंत्रणा ‘त्या व्यवहाराचे काय झाले’ ही विचारणा पुन्हा पुन्हा, जुन्या व्यवहारांसाठीसुद्धा, पाठवत राहिल्या आणि त्या लोंढ्याखाली मूळ यंत्रणा दबली. तिकिटाची खिडकी मंदावली असताना रांगेतला प्रत्येक जण दर मिनिटाला पुढे जाऊन ‘झाले का’ विचारू लागला, तर आतल्या माणसाचे काम पूर्णच थांबते. तेच इथे झाले. ॲप लिहिणाऱ्याला वाटते, उत्तर आले नाही तर पुन्हा विचारावे. एका फोनपुरते ते शहाणपणाचे आहे. कोट्यवधी फोन एकाच क्षणी तसे करतात तेव्हा किरकोळ अडथळ्याची मोठी आपत्ती होते.

त्यावरचे औषध अभियंत्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे: प्रत्येक अपयशानंतर दुप्पट वेळ थांबा, त्यात थोडी अनियमितता मिसळा म्हणजे सगळे एकदम परतणार नाहीत, आणि काही प्रयत्नांनंतर गप्प बसा. ऑगस्ट 2025 पासून त्यातले काही यूपीआयच्या नियमांतच आले. अडकलेल्या व्यवहाराची स्थिती जास्तीत जास्त तीनदा विचारता येईल, दर वेळी 90 सेकंदांचे अंतर ठेवून. एका ॲपवरून दिवसाला 50 वेळाच शिल्लक पाहता येईल. आपोआप वळत्या होणाऱ्या हप्त्यांसाठी गर्दी नसलेल्या वेळा ठरवून दिल्या. त्याच ऑगस्टमध्ये यूपीआयने महिन्याला 2000 कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. एवढ्या मोठ्या यंत्रणेत संयम ॲपच्या सौजन्यावर सोपवता येत नाही. तो नियमातच असावा लागतो.

काय सोडून द्यायचे हे आधी ठरवून ठेवणे, ही भरवशाची दुसरी बाजू. 10 जुलै 2019 रोजी मँचेस्टरमध्ये क्रिकेट विश्वचषकाचा भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना सुरू होता आणि हॉटस्टारवर एकाच वेळी 2 कोटी 53 लाख प्रेक्षक होते. धोनी धावबाद झाला आणि प्रेक्षक एकदम उठले. हॉटस्टारच्या अभियंत्यांनी नंतर जाहीर भाषणांतून सांगितले की, अशा वेळी व्हिडिओचा भार घसरतो हे खरे, पण बाहेर पडणारा प्रत्येक जण ‘बॅक’ दाबतो आणि ॲपच्या पहिल्या पानावर येतो. ते पान प्रत्येकासाठी वेगळे बनवावे लागते. म्हणजे सामना संपल्यावर खरी परीक्षा सुरू होते. त्यासाठी त्यांनी तयारी ठेवली होती: भार हाताबाहेर जाऊ लागला की शिफारशी आणि वैयक्तिक याद्या बंद करायच्या आणि व्हिडिओ, लॉगिन, पैसे एवढेच जिवंत ठेवायचे. पुढे 2023च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हाच आकडा 5 कोटी 90 लाखांवर गेला. प्रत्येक ॲपने स्वतःला हा प्रश्न विचारावा: शेवटी काय उरले पाहिजे? बँकेच्या ॲपमध्ये कर्जाची जाहिरात आधी उघडते आणि शिल्लक नंतर दिसते, तेव्हा त्या बँकेने याचे उत्तर चुकीचे दिलेले असते.

या सगळ्याला एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. फोन दरवर्षी सुधारतात, नेट स्वस्त होते, मग जुन्या फोनसाठी अभियंत्यांचे महिने का खर्चायचे? अनुभव याच्या उलट सांगतो. फोनची ताकद वाढली की ॲप तेवढेच फुगतात, आणि तळाचा फोन पुन्हा तळालाच राहतो. शिवाय ॲप आता निवडीची वस्तू राहिलेली नाही. एक मनोरंजनाचे ॲप नाही चालले तर माणूस दुसरे घेतो. बँकेचे किंवा सरकारचे ॲप नाही चालले तर त्याचे काम अडते.

महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2021 पासून शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद मोबाइलवरच्या ई-पीक पाहणी ॲपने स्वतः करायची आहे. नुकसानभरपाईपासून हमीभावाच्या खरेदीपर्यंत ही नोंद लागते. हे ॲप शिवारात उभे राहून वापरायचे, जिथे रेंज असेलच असे नाही, आणि हातातला फोन बहुधा साधा. सर्व्हर चालत नाही, फोटो चढत नाही, या तक्रारी हंगामोहंगाम येत राहिल्या आणि मुदती वाढवाव्या लागल्या. आफ्रिकेत फेसबुकच्या माणसांनी जे 2013 मध्ये अनुभवले ते इथल्या बांधावर आजचे वास्तव आहे. फरक इतकाच की, फेसबुक उघडले नाही म्हणून कोणाच्या पिकाची भरपाई बुडत नव्हती.

जबाबदारी ठरवण्याची सुरुवात झालेली आहे. नोव्हेंबर 2018 मध्ये एचडीएफसी बँकेने नवे मोबाइल ॲप आणले आणि ते चालेना म्हणून मागे घेऊन जुने परत दिले. त्यानंतरच्या दोन वर्षांत सेवा अनेकदा खंडित झाल्यावर डिसेंबर 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्या नव्या डिजिटल योजनांवर आणि नव्या क्रेडिट कार्डांवर बंदी घातली. ती पूर्ण उठायला मार्च 2022 उजाडला. एप्रिल 2024 मध्ये कोटक महिंद्र बँकेला ऑनलाइन आणि मोबाइलवरून नवे ग्राहक घेण्यास मनाई झाली. गूगलनेही नोव्हेंबर 2022 पासून प्ले स्टोअरवर मर्यादा घातल्या. दिवसाला 1.09 टक्क्यांहून अधिक वापरकर्त्यांच्या समोर ॲप बंद पडले, किंवा 0.47 टक्क्यांहून अधिक जणांसमोर ते थिजले, तर ते शोधात मागे पडते. फोनच्या एखाद्या मॉडेलपुरती ही मर्यादा 8 टक्के आहे. एवढी सैल मर्यादा योग्य म्हणता येणार नाही. त्या मॉडेलचा फोन ज्याच्याकडे आहे त्याला एकूण सरासरीचा काही उपयोग नसतो.

या शिक्षा घडून गेल्यानंतरच्या आहेत. आधी उपयोगी पडेल अशी गोष्ट एकच, ती म्हणजे उघड आकडे. कोणत्या बँकेमुळे यूपीआयचे किती टक्के व्यवहार तांत्रिक कारणाने फसले, हे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन दर महिन्याला बँकेच्या नावासह प्रसिद्ध करते. ॲपच्या बाबतीत असे काही होत नाही. वास्तविक प्रत्येक ॲपच्या मालकाला ते किती वेळा बंद पडले, उघडायला किती वेळ लागला, हे प्ले स्टोअरच्या कन्सोलमध्ये फोनच्या मॉडेलनुसार आजही दिसते. ही माहिती नव्याने गोळा करावी लागणार नाही, फक्त ग्राहकांसमोर ठेवावी लागेल. रिझर्व्ह बँकेने बँकांच्या आणि पैसे पाठवण्याच्या ॲपपासून ही सक्ती सुरू करावी, आणि राज्य सरकारने ई-पीक पाहणीपासून.